चिक चॉकलेट : हळदोण्याचा ट्रंपेटवादक

परदेशी संगीत एखाद्या देशात रुजते, तेव्हा ते रुजविणारे हात बहुधा अज्ञातच राहतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात जाझ आणणाऱ्या गोमंतकीय वादकांची कथा अशीच आहे. त्यांतील एक अग्रणी म्हणजे 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले आंतोनियु शाव्हियेर वाझ.

१९१६ साली बार्देशातील हळदोणे गावी त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलिपी शिकविली जाई. पोटासाठी गाव सोडणाऱ्या अनेकांना तीच विद्या शिदोरी म्हणून पुरली. १९३५ साली लिऑन अ‍ॅबे यांचा अमेरिकन निग्रो वादकवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि या नव्या संगीताचे लोण शहरात पसरले. वाझ यांनी लुई आर्मस्ट्राँग यांस आदर्श मानले. पुढे ताजमध्ये त्यांचा स्वतःचा वृंद वाजू लागला आणि लोक त्यांस भारताचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

मूळ चाल कायम राखून तिचा ऐन वेळी विस्तार करावयाचा, हा जाझचा प्राण होय. ख्याल ऐकणाऱ्यास हे तत्त्व परके नाही. परंतु चित्रपटगीत तीन मिनिटांच्या तबकडीत बसवावे लागे. तेथे कोणते वाद्य केव्हा बोलणार हे आधी कागदावर उतरवावे लागे. पुणतांब्यास जन्मलेले, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले सी. रामचंद्र चाल बांधीत. चिक साहाय्यक म्हणून तिला पाश्चात्य साज चढवीत. 'समाधी' (१९५०) व 'अलबेला' (१९५१) यांतील संगीत या मेळातून घडले. 'अलबेला'त तर चिक आपल्या वृंदासह पडद्यावरही झळकले.

मात्र वाद्यमेळ रचणाऱ्यांचा उल्लेख 'साहाय्यक' एवढाच होई आणि वादकांची नावे बहुधा येतच नसत. 'नादान' (१९५१) चित्रपटाचे संगीत चिक यांनी स्वतंत्रपणे दिले. पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. 'आखरी खत' (१९६६) मधील नृत्यगृहाच्या प्रसंगात त्यांचा ट्रंपेट पुन्हा दिसला आणि ऐकू आला. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, त्यांचे निधन झाले.

चाल संगीतकाराची, हे खरेच. तथापि ज्या ठेक्यावर आणि ज्या ट्रंपेटवर दोन पिढ्या डोलल्या, त्यांत हळदोण्याचाही वाटा आहे. तो त्याच्या नावावर जमा व्हावयास हवा.