घाटरस्ता आणि स्कूटर : आनंद किती, जोखीम किती?

पावसाळा ओसरू लागला की पुण्या-मुंबईकडील स्कूटरस्वारांना सह्याद्रीचे वेध लागतात. एरवी कार्यालय, मंडई आणि मुलांची शाळा एवढ्याच परिघात फिरणारी गेअर नसलेली स्कूटर रविवारी ताम्हिणी, वरंधा किंवा आंबेनळी घाटात दिसू लागते. 'ही गाडी घाट चढेल का?' हा प्रश्न निघण्यापूर्वी हमखास विचारला जातो. वस्तुतः ११० सीसीची साधी स्कूटरही दोन माणसांना घेऊन सह्याद्रीतील बहुतेक घाट चढते. वेग मंदावतो, इंजिन तापते, मागे एसटीचा हॉर्न वाजत राहतो; पण गाडी वर पोहोचते. ती घाट सुरक्षितपणे उतरेल का, हा खरा प्रश्न असून तो मात्र फारसा कोणी विचारत नाही. सहलीतील आनंद आणि जोखीम यांचा हिशेब मांडायचा तर तो या प्रश्नापासूनच मांडावा लागतो.

आनंदाची बाजू नाकारण्याजोगी नाही. मोटारीच्या काचेआडून दिसणारा घाट आणि स्कूटरवरून अनुभवलेला घाट यांत मोठे अंतर आहे. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड ओलांडून मुळशी धरणाचा जलाशय उजेडात आला की हवेतील गारवा अंगाला जाणवतो. पुढे ताम्हिणीच्या दाट झाडीत ओल्या मातीचा आणि पालापाचोळ्याचा वास येतो, पक्ष्यांचे आवाज कानी पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कडेच्या उतारांवर सोनकी आणि तेरड्याचे ताटवे फुललेले असतात. स्कूटरचा वेग मुळातच बेताचा. त्यामुळे पाहण्यासाठी सवड मिळते. जिथे मोटार उभी करायला जागा नाही, तिथे स्कूटर सुरक्षित कडेला घेता येते. खर्चाचाही विचार आहेच. पुणे ते माणगाव हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर दोन-अडीच लिटर पेट्रोलमध्ये पार पडते. ज्या घरात मोटार नाही, त्या घरालाही कोकणाच्या उंबरठ्यापर्यंत जाण्याचे स्वातंत्र्य या वाहनाने दिले, हे मान्य करायलाच हवे.

उताराचे गणित

जोखमीचे मूळ स्कूटरच्या रचनेत आहे. मोटारसायकल किंवा जुन्या काळची गेअरची स्कूटर उतारावर दुसऱ्या गेअरमध्ये टाकली, की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. 'ज्या गेअरमध्ये घाट चढाल, त्याच गेअरमध्ये उतरा' हा जुन्या चालकांचा दंडक त्यातूनच आला. गेअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचे चाक यांच्यामध्ये पट्टा व आपोआप जुळणारा क्लच असतो. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा अटकाव मिळतो, पण तो तुटपुंजा. वेग अगदी कमी झाला, की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळू लागते. त्या क्षणापासून सगळा भार ब्रेकवर येतो.

हा भार किती, याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. स्कूटर, दोन माणसे आणि सामान मिळून २४० किलो वजन धरले आणि घाटातील उतार ५०० मीटरचा धरला, तर खाली येईपर्यंत सुमारे पावणेबारा लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. सुमारे पावणेचार लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला एवढी उष्णता लागते. त्यातील काही भाग हवेचा विरोध, टायरचे घर्षण आणि इंजिन यांत जातो. उरलेली सगळी उष्णता तळहाताएवढ्या ब्रेकमध्ये साठते. ड्रम ब्रेक बंदिस्त असल्याने ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड कमी होते, ब्रेकचा लिव्हर मुठीपर्यंत येऊ लागतो आणि जळका वास सुटतो. हा वास येताच रुंद जागा पाहून थांबावे व ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर बाटलीतील पाणी ओतण्याची हौस मात्र करू नये; धातू एकदम आकसल्याने ड्रम वाकण्याची वा तडकण्याची भीती असते.

उतारावर ब्रेक सतत हलका दाबून ठेवणे ही नवख्या चालकांची सर्वांत सामान्य सवय आणि तीच सर्वांत घातक. त्याऐवजी वळणापूर्वी दोन्ही ब्रेक निश्चयाने लावून वेग उतरवावा, मग पूर्ण सोडून त्यांना हवा खाऊ द्यावी. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक प्रणाली किंवा एबीएस सक्तीचे झाले. संयुक्त प्रणालीत डावा लिव्हर दाबला की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. त्यामुळे घसरण्याचा धोका कमी होतो. उष्णतेचा प्रश्न मात्र तसाच राहतो. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही भेटतात. वाचते ते चहाच्या एका कपाइतके पेट्रोल आणि जातो तो इंजिनचा उरलासुरला आधार.

विजेवरच्या स्कूटरची गोष्ट थोडी वेगळी. ज्या गाड्यांत उतारावर मोटरच वीज निर्माण करून वेग रोखते, त्या घाट उतरताना काही बाबतींत पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा सरस ठरतात. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही वीज साठवायला जागा नसते आणि रोखण्याची शक्ती घटते. महाबळेश्वरला रात्रभर चार्जिंग करून सकाळी थेट पोलादपूरच्या दिशेने उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

पुणेकर आणि मुंबईकर

एकच घाट, एकच गाडी. तरी पुण्याचा आणि मुंबईचा प्रवासी यांची जोखीम सारखी नसते. पुण्याहून कोकणाकडे निघालेला माणूस घाट सकाळी उतरतो. तो ताजातवाना असतो, उजेड भरपूर असतो, ब्रेक थंड असतात. संध्याकाळी दमून परतताना त्याच्या वाट्याला चढ येतो आणि चढावर थकव्याची किंमत तुलनेने कमी मोजावी लागते. मुंबई, ठाणे, कल्याणकडून माळशेजला किंवा जुन्या रस्त्याने लोणावळ्याला जाणाऱ्याचे नेमके उलटे होते. सकाळच्या उत्साहात चढ आणि दिवसभर पावसात भिजून, पाठ अवघडल्यावर, रहदारीच्या गर्दीत उतार. त्यामुळे मुंबईकडच्या प्रवाशाने परतीची वेळ पुणेकरापेक्षा दोन तास तरी अलीकडे आणावी, किंवा घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी उतरावे. मुक्कामाचा खर्च वाढतो हे खरे. पण सहलीच्या खर्चात कुठे काटकसर करू नये, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मागे बसणाऱ्या व्यक्तीचाही विचार येथेच करायला हवा. सत्तर किलोचा सहप्रवासी म्हणजे ब्रेकवर तेवढेच जादा ओझे. शिवाय उतारावर त्याचे वजन चालकाच्या पाठीवर आणि पुढच्या चाकावर येते. तिघांनी स्कूटरवरून घाटात जाणे बेकायदा तर आहेच, पण वरच्या हिशेबात ते कुठेच बसत नाही.

कोणता घाट, कोणता महिना

ताम्हिणीचा रस्ता विळे, निजामपूरमार्गे माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. लांब, झाडीतून जाणारा आणि टप्प्याटप्प्याने उतरणारा हा घाट स्कूटरसाठी पहिल्या पसंतीचा ठरावा. त्याची अडचण वेगळी आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी थांबलेल्या गाड्यांमुळे रस्त्याची रुंदी निम्मी होते आणि वळणाआड कोण उभे आहे ते दिसत नाही. मोबाईलची रेंजही अनेक ठिकाणी नाहीशी होते.

भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा सौंदर्यात कोणालाही हार जाणार नाही. नीरा देवघरचा जलाशय, वाघजाई मंदिराजवळची भजीची दुकाने आणि खाली पसरलेले शिवथरचे खोरे यांसाठी लोक पुन्हा पुन्हा तिथे जातात. परंतु रस्ता अरुंद, कडे ठिसूळ. अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यात जिल्हा प्रशासन तो वाहतुकीस बंद करत आले आहे. निघण्यापूर्वी तो खुला आहे याची खात्री करून घ्यावी. महाबळेश्वर-पोलादपूर दरम्यानच्या आंबेनळीत उंचीचा फरक तेराशे मीटरच्या आसपास जातो, म्हणजे वर केलेला उष्णतेचा हिशेब अडीच पटींनी वाढतो. नवख्या स्कूटरस्वाराने हा घाट सुरुवातीलाच निवडू नये. चिपळूण-कराड मार्गावरील कुंभार्ली घाटात मालमोटारींची वर्दळ मोठी, तर माळशेजमध्ये पावसाळ्यात कड्यावरून पाण्याबरोबर दगडही येतात.

भर पावसाळ्यातील सहलीबद्दल मतभेद संभवतात, पण आकडे बोलके आहेत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि आंबेनळी घाटरस्त्याची वाताहत झाली. असे दिवस रोज येत नाहीत. मात्र रोज येणाऱ्या पावसातही रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, वळणावर खडी वाहून येते आणि पावसाच्या पहिल्या सरीत सांडलेले डिझेल पाण्यावर तरंगते. दहा-बारा इंची चाकाला एरवी न जाणवणारा खड्डाही मग महागात पडतो. पाण्यातून गाडी गेल्यावर ओले ब्रेक काही काळ नीट लागत नाहीत. हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक लावून ते कोरडे करावे लागतात. पाऊस माघारी फिरल्यानंतरचा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हा काळ स्कूटरसाठी सर्वांत उजवा आहे. धबधबे थोडे कमी, पण हिरवाई टिकून असते आणि गर्दीही ओसरलेली असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. हे अपघात काही केवळ घाटांतले नव्हेत. घाटात फरक एवढाच, की शहरात ज्या घसरण्यावर खरचटण्याने भागते, तिथे पलीकडे दरी असू शकते आणि रुग्णवाहिका पोहोचायला तास-दीड तास लागू शकतो. १०८ किंवा ११२ हे क्रमांक उपयोगी पडतात, ते रेंज असेल तरच. म्हणून घरी कोणाला तरी मार्ग आणि परतीची वेळ सांगून निघावे. कायद्याने हेल्मेट चालक आणि सहप्रवासी दोघांनाही बंधनकारक आहे. घाटात ते मागच्याच्या कोपरात अडकवलेले दिसते, त्याचा उपयोग कोपरापुरताच.

निघण्याच्या आदल्या दिवशी मेकॅनिककडून ब्रेकची लायनिंग आणि टायरची नक्षी तपासून घ्यावी. तेलाइतकेच महत्त्व पट्ट्याला द्यावे. घाटात तो तुटला तर गाडी ढकलण्याखेरीज इलाज नाही. स्कूटरची टाकी साधारण पाच लिटरची असते आणि पौड-मुळशी सोडल्यावर घाट उतरेपर्यंत पंपाचा भरवसा धरता येत नाही. वळणावर हॉर्न द्यावा, चढून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी आणि एसटी वळण घेत असेल तर तिच्या आतल्या बाजूला शिरू नये; मागचे चाक तिथूनच जाते.

माणगावहून पुण्याकडे परतताना नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. घाटमाथ्याआधीच झाडीत अंधारून येते, गुरे रस्त्यावर बसतात आणि मुळशीच्या काठाने थंडी वाढते. दोन थांबे धरून हे अंतर स्कूटरला साडेतीन तास लागते. मुळशी उजेडात ओलांडायची असेल, तर माणगावातील जेवण एक वाजता उरकायला हवे.