प्लेगचा शोध आणि सरकारी तिजोरी

दवाखाना बांधावयाचा असला तर त्यासाठीं सार्वजनिक पैसा मागतांना कोणास संकोच वाटत नाहीं. भिंती दिसतात, खाटा दिसतात, औषधाची बाटली हातीं येते. परंतु कोणी गृहस्थ कांचेच्या चंबूंत जंतु वाढवीत बसला आहे आणि त्यांतून काय निष्पन्न होणार हें त्याचें त्यालाही ठाऊक नाहीं, अशा कामास खजिन्यांतून रक्कम द्यावी काय, असा प्रश्न निघाला म्हणजे भले भले हात आखडतात. मुंबईस या प्रश्नाचें उत्तर फार जबर किंमत देऊन शिकावें लागलें. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांतील रोग्यांस पाहून डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं तो प्लेग असल्याचें ओळखलें. आपल्या वृत्तपत्रांनीं त्यास ग्रंथिक सन्निपात असें नांव दिलें. शहर ओस पडूं लागलें, तेव्हां हिंदुस्थान सरकारनें वाल्डेमार हाफकिन यांस मुंबईस पाठविलें. हे ओडेसाचे यहुदी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीवरील लस तयार केली होती. ऑक्टोबरांत ते येथें आले, तेव्हां ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस मिळालेली जागा म्हणजे एक खोली आणि एक बोळ. हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या मोठ्या बंदराचा सारा व्यापार धोक्यांत, आणि त्यावर उपाय शोधणारासाठीं हा सरंजाम!

या खोलींत हाफकिन यांनीं केलेली युक्ति ऐकण्यासारखी आहे. जंतु वाढविण्यास मांसाचा रस लागतो. गाईचें किंवा डुकराचें मांस घेतलें तर लोक लसीस शिवणार नाहींत, हें ध्यानीं घेऊन त्यांनीं बोकडाचें मांस घेतलें. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांपासून जंतूंचे धागे वडाच्या पारंब्यांप्रमाणें खालीं उतरत. चंबू हलवून ते पाडावयाचे, पुन्हां नवे वाढूं द्यावयाचे, आणि शेंवटीं उष्णता देऊन जंतु मारावयाचे. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली. पुढें आलेल्या कैद्यांस लस दिली, आणि न टोंचलेल्यांपेक्षां त्यांच्यांत रोगी फार थोडे निघाले. कैद्याची संमति कितपत मोकळी असते, ही शंका मात्र माझ्या मनांतून जात नाहीं.

इकडे सरकारचा पैसा आणि बळ खर्च होत होतें तें निराळ्या मार्गानें. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती, सामानाची जाळपोळ, जंतुनाशक पाण्यानें जमिनी धुणें, माणसांस घरांतून उचलून विलगीकरणाच्या छावणींत नेणें, हें सत्र सुरू झालें. पुण्यास त्याचा शेंवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबांवरील गोळीबारांत झाला, हें सर्वांस माहीत आहे. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस ऐसपैस जागा मिळाली ती आगाखानांच्या औदार्यानें. त्यांनीं आपलें खुश्रू लॉज दिलें व स्वतः लोकांसमक्ष लस टोंचून घेतली. सरकारनें परळचा जुना राजवाडा या कामीं लावला तो १८९९ च्या ऑगस्टांत. जेथें पूर्वीं गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत तेथें लसीच्या बाटल्या भरूं लागल्या.

परंतु लस हा एक भाग झाला. रोग पसरतो कसा, हें कोणास ठाऊक होतें? १८९८ सालीं कराचीस पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरील पिसू रोग वाहून नेते असें प्रयोगानें दाखविलें. सरकारी प्लेग कमिशननें तें मत बाजूस सारलें. सात वर्षें अशीं गेलीं. मग १९०५ सालीं भारतमंत्र्यांचें कार्यालय, रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांनीं मिळून नवें संशोधन आरंभिलें, व त्याचे कामकरी परळास येऊन बसले. त्यांनीं गिनीपिग प्राण्यांचे पिंजरे टांगून पाहिले. पिसूची उडी पोंचते तेथील प्राणी मेले. तिच्या टप्प्याच्या वर टांगलेले, किंवा पिसू शिरणार नाहीं अशा बारीक जाळीच्या आंतले, वांचले. शीव, वडाळा, परळ व वरळी येथें घरोघर फिरून त्यांनीं उंदरांची सांथ आणि माणसांची सांथ ताडून पाहिली. आधीं उंदीर मरत, मागाहून माणसें. म्हणजे इतकीं वर्षें ज्या जमिनी धुतल्या, जीं घरें उघडीं पाडलीं, त्यांत खरा शत्रु उंदराच्या पाठीवर बसून शेजारच्या घरीं निघून जात होता! १९०७ या एका सालांत देशांत प्लेगानें तेरा लाखांच्या आसपास माणसें मेलीं.

सार्वजनिक पैशाबरोबर सार्वजनिक जाब येतो, हेंही या प्रयोगशाळेनें अनुभविलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मुलकोवाल येथें एकाच बाटलींतील लस टोंचलेलीं एकोणीस माणसें धनुर्वातानें मेलीं. जाब विचारणें योग्यच होतें. पण दोष परळचा ठरवून हाफकिन यांस कामावरून दूर केलें. बाटली उघडतांना गांवीं चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट शुद्ध केला नव्हता, हें पुराव्यांत असूनही रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं आवाज उठविल्यावर १९०७ सालीं ते दोषमुक्त झाले. परळचा कारभार त्यांच्या हातीं पुन्हां आला नाहीं. त्यांचें नांव मात्र त्या संस्थेस १९२५ त मिळालें.

एवढें झाल्यावर सरकारास उमजलें कीं सांथ दारीं आली म्हणजे धांवाधांव करण्यापेक्षां शोधाचें काम नित्य चालू ठेवावें. १९११ सालीं पांच लाख रुपयांच्या देणगीनें ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ स्थापन झाली, आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबरास मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेंतच भरली. हीच संस्था १९४९ पासून भारतीय वैद्यक संशोधन परिषद म्हणून ओळखली जाते.

तिच्या आश्रयानें चाललेल्या एका कामाची गोष्ट सांगून थांबतों. १९१८ सालीं निलगिरींत कुन्नूर येथें रॉबर्ट मॅककॅरिसन यांनीं बेरीबेरीचा शोध आरंभिला. जागा पुन्हां एक खोलीच. महायुद्धानंतर खर्चाची काटछांट निघाली, तेव्हां हें काम बंद करण्यांत आलें. सुमारें दोन वर्षांनीं तें पुन्हां सुरू झालें. पुढें तेथेंच पोषणविषयक प्रयोगशाळा झाली, ती १९५८ त हैदराबादेस गेली, व राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें अद्याप तेथें आहे.