ऊसतोड मजुरीतील विषमतेचे मापन (शिरूर-दौंड)

दौंडमधील पाटसचा भीमा आणि शिरूरमधील न्हावऱ्याचा घोडगंगा या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात तोडणीसाठी मराठवाड्यातून मजुरांच्या टोळ्या येतात. येथे शोषण मोजताना पहिली अडचण हिशेबाच्या एककातच येते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात; मजुरी तासांवर नव्हे, टनावर ठरते. हंगामापूर्वी मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून) घेतलेली उचल म्हणजे आगाऊ रक्कम त्यातून वळती होते, खाडा झाल्यास दंडही कापला जातो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली. मात्र पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बाईच्या नावाने वेगळी मजुरी सहसा लिहिली जात नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन बंधनकारक केले. पण कोयत्यामागच्या सरासरीत बाईचा वाटा शोधताच येत नाही.