स्वयंचलित गिअरच्या मोटारीतील ट्रान्समिशन तेल : पातळीची तपासणी आणि निगा

स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारींचा वापर देशात वाढत आहे. शहरांतील वाहनांच्या गर्दीत वारंवार क्लच दाबण्याचा त्रास टळतो, हे त्याचे प्रमुख कारण होय. मात्र इंजिन ऑईल वेळच्या वेळी तपासणाऱ्या मोटारमालकांचेही गिअरबॉक्समधील तेलाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजेच संक्षेपाने एटीएफ, या नावाने हे तेल ओळखले जाते. त्याची पातळी घटल्यास अथवा ते प्रमाणापेक्षा अधिक भरले गेल्यास संपूर्ण गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. ही दुरुस्ती मोटारीच्या सर्वाधिक खर्चिक दुरुस्त्यांपैकी एक आहे.

तेलाचे कार्य

हाताने गिअर बदलाव्या लागणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्समधील तेल मुख्यतः वंगणाचे काम करते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेल हा यंत्रणेचाच एक भाग असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक सुरू केल्यास त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो. फक्त त्यात हवेच्या जागी तेल असते आणि इंजिनाची शक्ती त्या तेलामार्फत पुढे जाते. गिअरबॉक्समधील पंप याच तेलावर दाब निर्माण करतो. त्या दाबामुळे क्लचच्या चकत्या एकमेकींवर घट्ट बसतात व गिअर बदलतो. याखेरीज घर्षणातून निर्माण होणारी उष्णता कूलरपर्यंत वाहून नेण्याचे कामही तेच करते.

अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९४० च्या ओल्डस्मोबील मोटारींसाठी ‘हायड्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स उपलब्ध करून दिला. मोठ्या प्रमाणावर निर्मिती झालेला हा पहिला पूर्णतः स्वयंचलित गिअरबॉक्स मानला जातो. अशा यंत्रणांसाठी पुढे विशेष तेलांची मानके तयार झाली. गळती झाल्यास हे तेल इंजिन ऑईलपासून वेगळे ओळखता यावे, यासाठी त्यात सामान्यतः लाल रंग मिसळला जातो.

कमी आणि अधिक, दोन्ही घातक

तेलाची पातळी खालावली की पंप तेलासोबत हवाही ओढू लागतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. त्यामुळे यंत्रणेतील दाब कमी होतो आणि चकत्या घसरू लागतात. याउलट तेल प्रमाणाबाहेर भरल्यास फिरणारे भाग ते घुसळतात. त्यातून फेस होतो, तेलात हवेचे बुडबुडे शिरतात आणि परिणाम पुन्हा तोच होतो. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा समज म्हणूनच येथे चुकीचा ठरतो.

‘डी’ अथवा ‘आर’ स्थिती निवडल्यानंतर मोटार उशिरा हलणे, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे आणि गिअर बदलताना धक्के बसणे ही पातळी बिघडल्याची प्रमुख लक्षणे आहेत. अन्य बिघाडांतही ही लक्षणे दिसू शकतात. तरीही पहिली तपासणी तेलाचीच करावी.

प्रथम गिअरबॉक्सचा प्रकार ओळखावा

क्लचचे पेडल नसलेली प्रत्येक मोटार एकाच प्रकारची नसते. भारतात २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओ मोटारीतून एएमटी हा प्रकार आला आणि लहान मोटारींमध्ये तो लोकप्रिय झाला. त्यात मूळ गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. क्लच व गिअर हलविण्याचे काम तेवढे यंत्र करते. या मोटारींना टॉर्क कन्व्हर्टरची तपासणी पद्धत लागू होत नाही. सीव्हीटी प्रकारात पट्टा घसरू नये यासाठी निराळ्या गुणधर्मांचे तेल लागते. दोन क्लच असलेल्या डीसीटी गिअरबॉक्सचे तेलही वेगळे असते. आपल्या मोटारीत यांपैकी कोणता प्रकार आहे, याचा उल्लेख मोटारीसोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत असतो.

डिपस्टिकने तपासणी

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या आणि डिपस्टिक दिलेल्या मोटारींसाठी सर्वसाधारण पद्धत पुढीलप्रमाणे आहे. मोटार सुमारे १५ ते २० मिनिटे चालवून तेल गरम होऊ द्यावे. ती सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. पायाने ब्रेक दाबून ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक स्थितीत काही क्षण थांबवत फिरवावा व शेवटी ‘पी’वर आणावा. इंजिन सुरू ठेवूनच डिपस्टिक बाहेर काढावी, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, पूर्ण आत घालून पुन्हा काढावी. पट्टीच्या दोन्ही बाजू पाहून त्यांपैकी खालची खूण ग्राह्य धरावी. गरम तेलाची पातळी ‘हॉट’ असे लिहिलेल्या पट्ट्यात असणे आवश्यक आहे. तेल तापले की प्रसरण पावते. त्यामुळे थंड स्थितीतील पातळीवरून अंतिम निष्कर्ष काढू नये.

या पद्धतीला अपवादही आहेत. डिपस्टिक असलेल्या होंडाच्या अनेक मोटारींत इंजिन बंद केल्यानंतर ६० ते ९० सेकंदांच्या आत पातळी पाहावी लागते. अंतिम आधार माहितीपुस्तिकेचाच घ्यावा.

इंजिन सुरू असताना सैल बाही, ओढणी अथवा पदर पंख्यात किंवा पट्ट्यात अडकण्याचा धोका असतो. बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. म्हणून ही तपासणी मोकळ्या जागीच करावी.

अलीकडील बहुतेक मोटारींत गिअरबॉक्सची डिपस्टिक दिलेली नसते. त्यांमध्ये मोटार लिफ्टवर सपाट उचलून, उपकरणाने तेलाचे तापमान मोजून व ठराविक मर्यादेत आणून तपासणीचे बूच उघडले जाते. तेथून तेलाची बारीक धार निघाली की पातळी योग्य समजतात. हे काम घरी करण्यासारखे नाही. अशा मोटारमालकांनी उभ्या मोटारीखाली लाल अथवा तपकिरी तेलाचे डाग पडतात काय, याकडे लक्ष ठेवावे आणि सर्व्हिसिंगच्या वेळी गळतीची तपासणी आवर्जून करून घ्यावी.

रंग आणि वास

चांगले तेल बहुधा लालसर व पारदर्शक असते. वापराने ते काहीसे गडद होते. तेल काळपट होऊन त्याला जळका वास येत असल्यास ते अतितापले असावे व चकत्या झिजत असाव्यात, असे समजावे. दुधाळ गुलाबी रंग हे तेलात पाणी किंवा रेडिएटरमधील कूलंट मिसळल्याचे लक्षण आहे. पाण्यामुळे चकत्यांवरील घर्षणाचा थर सुटू लागतो. असे तेल दिसल्यास मोटार चालवू नये.

तेल भरताना

इंजिन ऑईलचा काही अंश इंजिनात जळू शकतो; ट्रान्समिशन तेल जळून संपत नाही. त्यामुळे त्याची पातळी घटली असल्यास गळती हेच त्याचे कारण समजावे. केवळ तेल भरून भागत नाही, गळती शोधून थांबविणे आवश्यक असते. भरावयाचे तेल उत्पादकाने नमूद केलेल्या मानकाचेच असावे. रंग सारखा म्हणून तेल सारखे, असे नसते. बारीक नळीचे नरसाळे वापरून एका वेळी थोडेच तेल ओतावे आणि प्रत्येक वेळी पातळी पुन्हा पाहावी. अधिक भरले गेल्यास जादा तेल काढून घेतल्याशिवाय मोटार चालवू नये.

तेल बदलण्याचा कालावधी मोटारीगणिक भिन्न असतो. घाटरस्ते, तीव्र उन्हाळा, ओझे आणि सततची थांब-चाल यांमुळे तेल अधिक तापते व लवकर खराब होते. अशा वापरासाठी अनेक उत्पादक कमी अंतराचे वेळापत्रक देतात. भारतातील बहुतेक महानगरांतील मोटारींना हेच वेळापत्रक लागू पडते.

पूर आणि टोइंग

मुंबईत २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि हजारो मोटारी पाण्यात बुडाल्या. अशा मोटारीत हवा खेळती राहण्यासाठी ठेवलेल्या छिद्रावाटे गिअरबॉक्समध्ये पाणी शिरू शकते. म्हणून पाण्यात बुडालेली मोटार सुरू न करता प्रथम सर्व तेले तपासून घ्यावीत. बंद पडलेली स्वयंचलित मोटार दोराने ओढून नेणेही टाळावे. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर गिअरबॉक्समधील भागांना वंगण मिळत नाही. अशी मोटार सपाट ट्रकवर चढवून न्यावी.

जुने तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. ते बंद डब्यात साठवून, वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.