दोन यंत्रे, दोन घड्याळे

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली, ती सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून. हीच संख्या का? त्याआधी ही मोजमापे व्हिडिओ टेपवर साठवत. जपान-अमेरिकेच्या पद्धतीत सेकंदाला ६० वेळा पडदा रेखला जाई. दर वेळी २४५ रेषा वापरात, रेषेवर ३ मोजमापे. गुणाकार करून पाहा! (युरोपातल्या ५० × २९४ × ३ चेही उत्तर तेच. आम्हाला याची फार गंमत वाटते.)

पण सेकंद कोण मोजतो? क्वार्ट्झचा स्फटिक. १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मॅरिसन आणि हॉर्टन यांनी त्यावर पहिले घड्याळ चालवले. आज माइकचा आवाज आकड्यांत बदलून संगणकाला देणाऱ्या ऑडिओ इंटरफेसमध्येही असाच स्फटिक असतो. आपण घरी असे दोन इंटरफेस जोडले, की घड्याळे दोन झाली. आणि दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. दहा लाखांत २० एवढाच फरक धरू. तासाभरात ३,१७५ मोजमापांची तफावत! गायिका एकावर, तबला दुसऱ्यावर असेल तर शेवटची सम ०.०७ सेकंदाने हुकलेली ऐकू येईल. बिचाऱ्या तबलजीचा त्यात काही दोष नाही.

स्टुडिओंत यावर उपाय साधा: घड्याळ एकच, बाकीची यंत्रे तारेने त्याला बांधलेली. तशी तार जोडायची सोय नसेल तर संगणक एका इंटरफेसचे घड्याळ प्रमाण मानतो आणि दुसऱ्याची मोजमापे हिशोबाने ताणतो किंवा आवळतो.