तंबोऱ्याची घोडी आणि खुंट्या

तंबोऱ्याची घोडी आणि खुंट्या हे तंबोरा (तानपुरा) या तंतुवाद्याचे दोन प्रमुख सुटे भाग आहेत. घोडीवर तारा टेकतात, तर खुंट्यांनी त्यांचा ताण कमीजास्त करून वाद्य सुरात लावले जाते. दोन्ही भाग वापराने झिजतात व बदलता येतात. बास गिटारसारख्या पाश्चात्त्य वाद्यात असे भाग बाजारातून तयार आणून बसवले जातात. तंबोऱ्यात मात्र नवा भाग त्या विशिष्ट वाद्याशी हाताने जुळवून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील मिरज हे या कामाचे प्रमुख केंद्र आहे.

रचना

तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा असतात. पहिली तार पंचमात (रागानुसार मध्यम किंवा निषादात), मधल्या दोन म्हणजे जोडीच्या तारा षड्जात आणि चौथी खर्जात लावतात. भोपळ्यावरील तबलीवर घोडी उभी असते. तारा तळाच्या लंगोटापासून निघून घोडीवरून व दांडीवरून वर जातात आणि खुंट्यांना गुंडाळल्या जातात. दोन खुंट्या दांडीच्या दर्शनी बाजूस आणि दोन बाजूंना एकेक अशा असतात. घोडी व लंगोट यांच्यामध्ये प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. तो लंगोटाकडे सरकवला की स्वर किंचित चढतो. खुंटीने स्वर ढोबळमानाने आणि मण्याने बारकाईने लावला जातो.

घोडी व जवारी

गिटारच्या घोडीवर तार एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद व अत्यंत सौम्य उताराचा असून कंप पावणारी तार त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते. तार आणि माथा यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवून हा स्पर्श योग्य जागी आणतात. त्यातून उमटणाऱ्या, उपस्वरांनी भरलेल्या गुंजनास जवारी म्हणतात. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा यंग-हेल्महोल्ट्झ नियम आहे. तंबोऱ्यात तोही ऐकू येतो, याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली लक्ष वेधले.

तारांच्या घर्षणाने माथ्यावर कालांतराने चर पडतात आणि आवाज बोथट होतो. अशा वेळी कानस व पॉलिश कागदाने माथा पुन्हा घासून उतार साधतात. यास जवारी काढणे म्हणतात. गायकाच्या पसंतीनुसार जवारी खुली किंवा बंद ठेवली जाते. वारंवार घासल्याने घोडीची उंची घटते आणि शेवटी ती बदलणे भाग पडते.

घोडीचे साहित्य

पूर्वी उंची वाद्यांत हस्तिदंत किंवा हरणाच्या शिंगाचा माथा वापरीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील पुढील दुरुस्त्यांमुळे या पदार्थांचा व्यापार बंद झाला. त्यांच्या जागी उंटाचे हाड, अबनूस व शिसवीसारखी कठीण लाकडे आणि डेल्रिनसारखी कृत्रिम द्रव्ये आली. डेल्रिनला लाकडासारखे रेषे नसल्याने ते चिरत नाही व दमट हवेत फुगत नाही. त्याच्या आवाजाविषयी कलावंतांची मते मात्र भिन्न आहेत. साहित्य कोणतेही असले तरी घोडीचे पाय तबलीच्या बाकाशी जुळवावे लागतात. नवी घोडी प्रमाणाबाहेर उंच झाल्यास तबलीवरील दाब वाढतो, आणि जवारी तर नव्यानेच काढावी लागते.

खुंट्या

लाकडी खुंटी निमुळती असते व दांडीतील तशाच निमुळत्या छिद्रात केवळ घर्षणाने टिकते. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडकते, कोरड्या हवेत ती सैल होऊन घसरते. घसरणाऱ्या खुंटीस खडूची पूड आणि अडकणाऱ्या खुंटीस कोरडा साबण लावण्याची रीत आहे. मिरजेच्या तुलनेने कोरड्या हवेत घडलेले वाद्य पालघर, बोईसर-तारापूर यांसारख्या किनारपट्टीवर आणल्यास हा त्रास अधिक जाणवतो. शिवाय खाऱ्या हवेने पोलादी तारा लवकर गंजतात. छिद्र झिजून मोठे झाल्यास जाड खुंटी बसवतात, किंवा छिद्रात लाकडी गुल्ली ठोकून ते नव्याने पाडतात.

गिटारप्रमाणे दंतचक्राच्या खुंट्या तंबोऱ्यास बसवता येतात. त्या घसरत नाहीत व नवशिक्यास सोयीच्या ठरतात. मात्र त्यांच्यासाठी पोकळ दांडीत नवी छिद्रे पाडावी लागतात, शेंड्याकडील वजन वाढते आणि मूळ स्थितीकडे परतणे कठीण होते. व्हायोलिनसाठी दंतचक्र आतच लपवलेल्या, दिसण्यास लाकडी खुंटीसारख्या खुंट्याही मिळतात.

बास गिटारशी तुलना

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ साली बाजारात आणलेल्या प्रिसिजन बासच्या घोडीवर दोनच खोगिरे होती व प्रत्येकावर दोन तारा टेकत. पडद्यांवरील स्वर अचूक यावेत म्हणून पुढे प्रत्येक तारेस स्वतंत्र, मागेपुढे सरकणारे खोगीर देण्यात आले. १९७० च्या दशकापासून बॅडॅससारख्या जड धातूच्या घोड्या स्वतंत्रपणे विकल्या जाऊ लागल्या. स्क्रूंची छिद्रे जुळत असल्यास अशी घोडी घरच्या घरी बदलता येते. हिपशॉट कंपनीची एक्स्टेंडर खुंटी तरफेच्या एका हालचालीने तारेचा स्वर उतरवते. तंबोऱ्यास पडदे नसल्याने सरकत्या खोगिरांची गरज नाही. तेथे सर्व भर माथ्याच्या उतारावर असतो. उलट दिशेनेही हे तंत्र गेले आहे: १९६७ च्या कोरल इलेक्ट्रिक सितार या गिटारमध्ये सतारीच्या जवारीचा आभास देणारी सपाट घोडी वापरण्यात आली.

मिरजेतील कारागिरी

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यनिर्मिती सुरू केल्याचे मानले जाते. त्यांच्या वंशजांनी सतारमेकर हे आडनाव लावले. वाद्यांसाठी लागणारे मोठे भोपळे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून येतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या वास्तव्यामुळे गायक व कारागीर यांचा निकटचा संबंध येथे दृढ झाला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा व भ्रमणध्वनीवरील उपयोजनांमुळे पारंपरिक वाद्याची मागणी घटली आहे. घोडी व खुंट्यांचे साहित्य बदलता येते, परंतु जवारी काढण्याचे कौशल्य कानाने व हातानेच शिकावे लागते. त्यामुळे सुटे भाग उपलब्ध असूनही जुन्या वाद्याची दुरुस्ती जवारी काढणाऱ्या जाणत्या कारागिरावरच अवलंबून राहते.