ज्यू समाजाच्या क्षेत्राभ्यासाची कुळकथा

एखाद्या समाजात प्रत्यक्ष जाऊन त्याचे विधी, बोली आणि रोजचे व्यवहार जवळून पाहण्याच्या व नोंदवण्याच्या पद्धतीला क्षेत्राभ्यास म्हणतात. ज्यूंच्या बाबतीत ही पद्धत संघटित रूपात दिसते ती रशियन साम्राज्यातील व्होल्हिनिया आणि पोडोलिया या भागांत, जेथे लेखक श. अन्स्की यांनी १९१२ मध्ये गावोगावी हिंडून कथा, गाणी व जुन्या वस्तू गोळा करणारी मोहीम सुरू केली. धर्मग्रंथांवरील भाष्यांना सर्वोच्च मान देणाऱ्या समाजात तोडगे आणि अंगाईगीते यांना ज्ञानाचा दर्जा देणे धाडसाचे होते, पण अन्स्की लोकांच्या मौखिक परंपरेला धर्मग्रंथांच्याच पंक्तीत बसवत होते. या मोहिमेने कॅमेरा वापरला, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित केले आणि गर्भधारणेपासून मृत्यूनंतरच्या समजुतींपर्यंत माणसाचे सारे आयुष्य कवेत घेणारी २,०८७ प्रश्नांची, पूर्व युरोपीय ज्यूंच्या यिडिश भाषेतली प्रश्नावली तयार केली. तिचे संपादक लेव्ह श्टर्नबर्ग यांनी झारशाहीने सखालिन बेटावर हद्दपार केले असताना तेथील निव्ख लोकांचा अभ्यास करून क्षेत्राभ्यासाचे शास्त्र आत्मसात केले होते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्याने प्रश्नावली लोकांपर्यंत नेण्याचा बेत फसला. तरीही इतके बारकाईचे प्रश्न जाणकारालाच सुचू शकतात, म्हणून ते प्रश्न हाच त्या लोकजीवनाचा मोलाचा दस्तऐवज ठरतो.

पुढे १९२५ मध्ये व्हिल्ना येथे स्थापन झालेल्या यिवो या यिडिश संशोधन संस्थेने संकलनाचे काम सामान्य माणसांच्या हाती दिले. नाझी संहाराने मात्र ही गावे आणि त्यांतील माणसे यांचा नाश केला, आणि ते जग बव्हंशी परदेशी गेलेल्यांच्या आठवणींतच उरले. मेक्सिकोतील हुइचोल लोकांचा अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा मायरहॉफ पुढे लॉस एंजेलिसमधील व्हेनिस येथे, पूर्व युरोपातून आलेल्या वृद्ध ज्यूंच्या केंद्रात जाऊन बसू लागल्या, आणि त्यांच्या १९७८ च्या ‘नंबर अवर डेज’ या ग्रंथात संशोधिकेचे स्वतःचे ज्यू असणेही अभ्यासाचा भाग झाले.

समाजातल्याच व्यक्तीने समाजाची नोंद करण्याची एक शाखा कोकणात अन्स्कींच्याही आधी रुजली होती, कारण हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी तेथील बेने इस्राएल या ज्यू समाजाचा इतिहास व चालीरीती १८९७ मध्येच लिहून ठेवल्या होत्या, जरी तो ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्याच समाजातील इस्राएलच्या लोद शहरात स्थायिक झालेल्या कुटुंबांवर मानववंशशास्त्रज्ञ शाल्वा वाइल यांनी १९७७ मध्ये प्रबंध सादर केला, आणि तेथे विचारलेला प्रश्न काय लोपत आहे हा नव्हता, तर स्थलांतरानंतरही या लोकांची वेगळी ओळख कशी टिकून राहते हा होता.